आधी पायथ्याचं गाव

पेरूला जायचंय म्हणतेस ना? जा. नक्की जा. माचू पिचूचे फोटो मोबाइलवर बघून तुझा जीव तिकडे ओढ घेतो, हे मला कळतं. डोंगराच्या माथ्यावर दगडी घरं, खाली खोल दरी, मधूनच वर येणारे ढग, कोणालाही भुरळ पडेल. पैसे साठायला दोन-तीन वर्षं लागतील, लागू देत. घरी विषय निघाला की मी तुझ्या बाजूने बोलेन, हा माझा शब्द.

पण तोवर नुसती पैसे मोजत बसू नकोस. या दिवाळीनंतर नाणेघाट चढ. का ते सांगते. चहा घे, नीट बस, मला पुष्कळ बोलायचंय.

तुला इंकांच्या दगडी वाटांचं वेड लागलंय. त्या वाटांचं जाळं तीस हजार किलोमीटरहून मोठं. कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया, चिली, अर्जेंटिना अशा आजच्या सहा देशांत ते पसरलंय आणि २०१४ साली युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून मानलं. आता आपल्याकडे ये. कल्याणहून माळशेजच्या रस्त्याने जाणारी एसटी पकड. मुरबाड, टोकावडे मागे पडलं की वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाच्या फाट्यावर उतर. तिथून जी वाट वर चढते ती दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. सातवाहनांच्या काळात सोपारा आणि कल्याण बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. माचू पिचू पंधराव्या शतकातलं. ते उभं राहिलं तेव्हा या घाटाने माल वाहायला लागून चौदाशे-पंधराशे वर्षं होऊन गेली होती. गिरगावातून सकाळी लवकर निघालेली मुलगी दुपारपर्यंत त्या वाटेवर पाय ठेवू शकते, हे केवढं भाग्य आहे आपलं!

चढण दोन-अडीच तासांची. आधी झाडीतून सोपी वाट, मग उभा चढ आणि जुन्या दगडांची फरसबंदी. धावू नकोस. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाल, श्वास स्थिरावला की मग पाय आपोआप लय धरतात. माथ्याच्या थोडं अलीकडे कातळात खोदलेलं लेणं लागेल. पाठीवरची सॅक बाहेर उतरव, पाणी पी आणि मगच आत जा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे.

आतल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे, नागनिका राणीचा. तिचा नवरा सातकर्णी राजा. मुलगे लहान असताना तिने राज्य सांभाळलं असं मानतात. कुठले यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गायी, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण नाणी दिली, याची मोजदाद त्या लेखात आहे. त्यातले आकडे हे भारतातल्या जुन्यात जुन्या आकड्यांपैकी आहेत. एका बाईच्या राज्यातला हिशोब दोन हजार वर्षं दगडावर टिकलाय, हे तिथे उभं राहिल्यावर अंगावर येतं. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता त्यांची पावलं आणि वर कोरलेली नावं एवढंच उरलंय. म्हणून विनवते, त्या भिंतीला टेकून बसू नकोस. अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्यांवर पाणी मारू नकोस, खडू घासू नकोस. कोणी करताना दिसलं तर न भांडता, पण ठामपणे थांबव. मोबाइलची विजेरी एका बाजूने तिरकी धर, अक्षरं सावलीत आपोआप उठून दिसतात.

लेण्यातून वर निघालीस की अरुंद खिंड, खिंडीतून बाहेर पडलीस की घाटमाथा. तिथे दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. कड्यावर नानाच्या अंगठ्यापाशी जा, पण काठापासून चार पावलं मागे राहा. खाली सगळं कोकण, शेजारी जीवधन किल्ला आणि त्याचा वानरलिंगी सुळका. बहुतेक मंडळी इथे फोटो काढतात, डबा खातात आणि उतरायला लागतात. तू उतरू नकोस. तुझी खरी शिकवणी इथून पुढे आहे. घाटघर नावाचं गाव जवळच आहे. तिथे रात्री राहायचं आधी ठरवून, फोन करून जा.

माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे. गड असो, लेणं असो की इंकांचं नगर असो, ते ओसाड कधीच नसतं. त्याच्या पायथ्याला, शेजारी कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या राहत असतं. तिथल्या वाटा त्यांच्या पायांनी मोकळ्या राहिलेल्या असतात आणि कुठल्या टाक्यातलं पाणी प्यायचं, हे त्यांना ठाऊक असतं. आपण त्यांच्या दारावरून जातो. गिरगावातल्या आपल्या खोताच्या वाडीत सुट्टीच्या दिवशी कॅमेरे घेऊन माणसं येतात आणि कुणाच्या व्हरांड्यात, कुणाच्या पायरीवर उभी राहून फोटो काढतात. आत कोणी आजारी असेल, कोणी जेवत असेल, याचं त्यांना भान नसतं. आपल्याला तेव्हा कसं वाटतं ते तू लहानपणापासून बघितलंयस. तेच घाटघरला आठव आणि तेच पेरूतल्या खेड्यात आठव.

आता गावात कसं राहायचं ते ऐक. त्या भागात बहुतेक महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. ज्या घरी उतरशील तिथल्या मावशींना पोचल्या पोचल्या नमस्कार कर, चपला बाहेर काढ आणि सॅक कुठे ठेवू ते विचार. संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून चुलीपाशी जाऊन बस. मावशी काठवटीत नाचणीचं पीठ मळतील, हातावर भाकरी थापतील, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवतील. उलटून झाली की तवा उतरवून तीच भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करतील आणि ती टम्म फुगेल. तुला येत असेल तर कांदा चिरून दे, नसेल येत तर ताटं मांड. पाहुणी म्हणून ऐसपैस बसून राहू नकोस.

पाण्याचं विशेष सांगते. पावसाळ्यात या डोंगरांवर इतका पाऊस पडतो की घराबाहेर पडता येत नाही, पण कातळ तो पाऊस धरून ठेवत नाही. मार्च सरला की विहिरी तळाला जातात आणि बायकांना डोक्यावर हंडे वाहावे लागतात. आपल्याकडे नळ ठरलेल्या वेळी तरी येतो. तिथे प्रत्येक तांब्यामागे कुणाची तरी मान दुखलेली असते. म्हणून उन्हाळ्यात गेलीस तर अंघोळीचा हट्ट नको. हातपाय धुवायला थोडं मागून घे आणि प्यायचं पाणी शक्य तेवढं बरोबर ने.

जेवणाचे, राहण्याचे पैसे आधी विचार आणि सांगतील तेवढे दे. घासाघीस करू नकोस. चिरा बाजारात भाव पाडायची सवय आहे आपल्याला, ती तिथे नको. त्यांच्या हातात पैसा कसा येतो ते बघ ना. पावसात भात, नाचणी, वरई आणि उन्हाळ्यात हिरडा. हिरडा झाडावर चढून काढायचा, अंगणात वाळवायचा, मग विकायचा. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातली हिरड्याची किती झाडं मोडली! ते झाड पुन्हा फळाला यायला वर्षं जातात. अशा घराला आपल्या एका मुक्कामाचे पैसे वेळेवर आणि पुरते मिळाले, तर त्याची किंमत फार मोठी आहे.

मुलांना चॉकलेटं वाटू नकोस. आपल्याला दोन मिनिटांचं पुण्य मिळतं आणि त्यांना येणाऱ्या प्रत्येकापुढे हात पसरायची सवय लागते. द्यायचंच असेल तर शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना विचार, काय हवंय ते, आणि त्यांच्या हाती दे. कुणाचाही फोटो काढण्याआधी विचार. ‘नको’ म्हणाले तर हसून मोबाइल खिशात घाल. जुलैत भातलावणीच्या दिवसांत मोठा घोळका घेऊन जाऊ नकोस. सगळं गाव चिखलात वाकलेलं असतं, तुमच्यासाठी पोहे करायला घरात कोण असणार? आणि कचरा तर सगळा परत आण. सॅनिटरी पॅडसुद्धा कागदात गुंडाळून, घट्ट पिशवीत घालून परत आण. पाळी आली म्हणून जाणं रद्द करू नकोस, कपड्यांचा एक जोड जास्तीचा ठेव आणि बरोबरच्या मुलींना आधीच सांगून टाक. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता पेरूकडे ये. २४ जुलै १९११ रोजी हायरम बिंगहॅम नावाचा अमेरिकन प्राध्यापक माचू पिचूला पोचला आणि जगभर त्याचं नाव झालं. पण तो गेला कसा? मेल्चोर आर्तेआगा नावाच्या तिथल्या शेतकऱ्याने एक सोल मजुरी घेऊन त्याला वर नेलं. वर पोचल्यावर काय दिसलं, तर तिथे शेतकरी कुटुंबं राहत होती आणि इंकांनी बांधलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पिकं काढत होती. त्यांच्यातल्याच एका लहान मुलाने बिंगहॅमला ते नगर फिरून दाखवलं. त्याच्याही आधी, १९०२ साली, आगुस्तीन लिसार्रागा नावाचा तिथलाच माणूस वर जाऊन आला होता. जग ज्याला ‘हरवलेलं शहर’ म्हणत राहिलं, ते पायथ्याच्या माणसांनी कधी हरवलंच नव्हतं.

म्हणून तिथे गेलीस की नुसतं माचू पिचू बघून पळत परत येऊ नकोस. ओयान्तायताम्बोला राहा. इंकांनी आखलेल्या गल्ल्यांत तिथे आजही माणसं राहतात आणि दगडी पन्हळींतून पाणी अजून खळाळतं. जमलं तर केस्वाचाका पुलाची माहिती काढ. आपुरिमाक नदीवरचा हा पूल गवताच्या दोरांचा आहे. आजूबाजूच्या गावांतली माणसं दरवर्षी जूनमध्ये जुना पूल सोडून देतात आणि नवा विणतात. बायका गवत वळून दोर करतात, पुरुष पुलावर विणकाम करतात. हे इंकांच्या काळापासून चालत आलंय आणि २०१३ साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. दगड टिकतो तो आपल्या बळावर, गवताचा पूल टिकतो तो माणसांनी धरून ठेवल्यामुळे. मला विचारशील तर माचू पिचूपेक्षा मला त्याचीच ओढ जास्त आहे.

इंका वाटेने चार दिवस चालून माचू पिचूला जायचं असेल तर परवाना लागतो, परवानाधारक वाटाड्या लागतो आणि रोज हमालांसकट पाचशेच माणसांना सोडतात. तेव्हा कित्येक महिने आधी नाव नोंदव. फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी ती वाट बंद असते. तुझे तंबू, भांडी, शिधा पाठीवर वाहणारे हमाल त्याच डोंगरांतल्या खेड्यांतले असतात. एका माणसाने वीस किलोपेक्षा जास्त ओझं वाहू नये असा तिथला नियम आहे. पैसे भरण्याआधी कंपनीला स्पष्ट विचार, हमालाला मजुरी किती देता, तो झोपतो कुठे, जेवतो काय. जी कंपनी हे प्रश्न टाळेल तिच्याबरोबर जाऊ नकोस. स्वस्त पडतंय म्हणून मोहात पडू नकोस, तो स्वस्तपणा कुणाच्या तरी पाठीवरून आलेला असतो.

तब्येतीचं मात्र नाणेघाट शिकवू शकणार नाही. आपलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. कुस्को शहर ३४०० मीटरच्या आसपास, कळसूबाईच्या दुप्पट. इंका वाटेवरची सगळ्यात उंच खिंड ४२०० मीटरच्या वर. तिथे हवा विरळ असते, डोकं दुखतं, मळमळतं, दोन जिने चढले तरी धाप लागते. पोचल्या दिवशी हिंडू नकोस. जमलं तर कुस्कोहून खाली उरुबाम्बाच्या खोऱ्यात उतरून पहिले दोन-तीन दिवस तिथे काढ, पाणी भरपूर पी, जेवण हलकं ठेव. माचू पिचू त्या मानाने खाली आहे, २४३० मीटरवर. निघण्याआधी डॉक्टरांशी बोल. तिथे कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे देतात, पण ती पानं किंवा त्या चहाच्या पुड्या आठवण म्हणून बॅगेत घालून आणू नकोस, आपल्याकडे त्यांना बंदी आहे. ऋतूही लक्षात ठेव. आपल्याकडे धो धो पाऊस असतो तेव्हा, मे ते सप्टेंबर, तिकडे कोरडे दिवस असतात आणि रात्री कडाक्याची थंडी.

शाकाहारी आहेस म्हणून खाण्याची धास्ती घेऊ नकोस. आपल्या एकादशीच्या ताटाकडे बघ. बटाटा अँडीजच्या डोंगरातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. ज्या कंदाचा साबुदाणा करतात तो कंदही तिकडचाच. राजगिरा आणि मिरचीसुद्धा अमेरिका खंडातून आली. तुझी आजी ज्या ताटावर उपास करत आली, ते ताट पिकवायला पहिल्यांदा शिकली ती तिकडची माणसं. पिसाक गावाजवळ केचुआ शेतकऱ्यांनी बटाट्याची हजाराहून जास्त वाणं जपून ठेवली आहेत. इकडे आपल्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं आणि त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्हीकडे डोंगरातल्या माणसांनीच बी राखलं. पिसाकला गेलीस तर तिथल्या बायकांना हे जरूर सांग. बोलायला विषय मिळेल आणि तू नुसती प्रेक्षक उरणार नाहीस.

आता तयारी. रोज संध्याकाळी चौपाटीपर्यंत चाल आणि बाबुलनाथच्या बाजूने मलबार हिलवर चढ. हळूहळू पाठीवर दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन चढ. बूट तळाला पकड असलेले घे आणि इथेच महिनाभर घालून मोकळे कर. डोंगरात अत्तर, परफ्यूम लावू नकोस, कड्यांवर आग्या मोहोळं असतात. वासाने, धुराने माश्या उठल्या तर पळायला जागा नसते. पाऊस जोरात असताना ओढा ओलांडायचा नाही, मग शेवटची एसटी चुकली तरी चालेल. अनोळखी ग्रुपबरोबर जाणार असशील तर किती जण आहेत, म्होरक्या कोण, औषधांची पेटी आहे का, बरोबर आणखी मुली कोण, हे सगळं विचारल्याशिवाय पैसे पाठवू नकोस. कोणाचं वागणं खटकलं तर संकोच करू नकोस, तिथल्या तिथे बोल.

आणि घरी खोटं सांगून जाऊ नकोस. ‘मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते’ असं सांगून डोंगरात गेलेल्या मुली मी बघितल्यात. धाडस म्हणून ते गोड वाटतं. पण पाय मुरगळला, वाट चुकली, तर शोधायला येणारी माणसं पहिला प्रश्न घरच्यांनाच विचारतात, ती कुठे गेली होती? लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं आपली कामं टाकून रात्री-बेरात्री दरीत उतरतात. त्यांना चुकीच्या डोंगरावर शोधायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. कुठली वाट, कुठलं गाव, कोणाच्या घरी मुक्काम, त्या घरचा नंबर, परतायची वेळ, सगळं कागदावर लिहून आईच्या हातात दे. आई रागावेल, काळजी करेल, पण हळूहळू तिचा विश्वास बसेल. नाणेघाटाहून वेळेवर परत आलेल्या मुलीला जीवधनला सोडणं सोपं जातं. जीवधनहून परत आलेल्या मुलीला राजगडावर, आणि मग कधीतरी पेरूला.

जुलै २०२५मध्ये राजगड, रायगड, शिवनेरी, साल्हेर धरून मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आता जगभरातून माणसं येतील. ती येतील तेव्हा किल्ल्यांच्या पायथ्याच्या गुंजवणे, साल्हेरवाडीसारख्या गावांतल्या घरांना त्यातून काय मिळेल, हे आपण आज त्या गावांत कसे वागतो त्यावरून ठरेल. ‘इथल्या लोकांना विचारून राहायचं, पुरते पैसे द्यायचे, घाण करायची नाही’ ही रीत आपणच घातली, तर मागून येणारे तीच पाळतील. म्हणून तुझ्यासारख्या मुलींनी आधी जावं, नीट जावं, असं मला मनापासून वाटतं.

एक काम मात्र माझ्यासाठी कर. परत आलीस की फोटो टाकशीलच. ते टाकताना नुसतं ‘नाणेघाट’ लिहू नकोस. घाटघरचं नाव लिही. वाट दाखवायला आलेल्या दादाला, जेवू घालणाऱ्या मावशींना विचारून त्यांचंही नाव लिही, म्हणजे पुढे जाणारी मुलगी त्यांनाच फोन करेल आणि तो पैसा त्याच घरात जाईल. पेरूहून आल्यावरही हेच कर. आर्तेआगाच्या वाट्याला एक सोल आला आणि नाव बिंगहॅमचं झालं. तुझ्या हातून तसं व्हायला नको.